को-जनच्या विजेला दर वाढवून मागतात, त्यात ऊसवाल्याचा वाटा कुठे असतो?

शिरोळकर_ऊसवाला:
नमस्कार मंडळी. आमचा ऊस जिथे जातो त्या कारखान्याचा मोठा को-जन (सहवीजनिर्मिती) प्रकल्प आहे, म्हणजे उसाचं चिपाड जाळून साखरेसोबत वीजही करतात. दरवर्षी सभेत ऐकायला मिळतं की विजेला दर परवडत नाही, सरकारने वाढवून द्यावा. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने युनिटमागे दीड रुपया अनुदान मंजूर केलं, तेही एका वर्षापुरतं. माझे प्रश्न दोन. सरकारने यात पैसा घालावाच का? आणि चिपाड आमच्याच उसाचं असताना आमच्या बिलात वीज का दिसत नाही? कारखान्यात प्रत्यक्ष काम केलेल्या कुणी सांगितलं तर बरं होईल.

बॉयलर_हाऊस:
दादा, माझी नोकरी को-जनच्या कंट्रोल रूममध्येच गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, घालावा. कारण असं. कोळशाच्या केंद्रात टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करून तिच्यातली उष्णता हवेत सोडून द्यावी लागते. आपल्याकडे तीच वाफ, एक्झॉस्ट म्हणतो आम्ही, दीड-दोन किलो दाबाने बॉयलिंग हाऊसला जाते आणि रस आटवते. एकाच जाळात वीजही होते, साखरही. जुने कारखाने २१ किंवा ३२ किलो दाबाच्या बॉयलरवर चालायचे, त्यात स्वतःपुरती वीज निघायची. ८७ किंवा ११० किलोचा बॉयलर बसवला की तेवढ्याच बगॅसमधून, म्हणजे चिपाडातून, विकण्याजोगी वीज उरते. पण असा बॉयलर कर्ज काढूनच बसतो, आणि ते कर्ज विजेच्या करारावर फिटतं. १९९४ मध्ये केंद्राने २ रुपये २५ पैसे आणि वर्षाला ५ टक्के वाढ असा दर सुचवला, पुढे २००२ मध्ये आपल्या वीज नियामक आयोगाने बगॅसच्या विजेसाठी स्वतंत्र आदेश काढला, तेव्हा कुठे बँका कारखान्यांच्या दारात उभ्या राहिल्या. आता नवे करार पाच रुपयांच्या आत होतात. दर पडले तर हप्ता थकतो, आणि तो शेवटी सभासदाच्याच डोक्यावर येतो. म्हणून दराची मागणी मला रास्त वाटते.

माझी तक्रार वेगळी आहे. संघटनांची निवेदनं असोत की सरकारचे निर्णय, सगळं युनिटच्या दराभोवती फिरतं. वाफेबद्दल कुणी बोलत नाही.

हिशोब करून दाखवतो. रोज ५,००० टन गाळप धरा. २८ टक्क्यांनी १,४०० टन बगॅस पडतो, त्यात निम्मं पाणी. एक टन बगॅस साधारण २.२ टन वाफ देतो. साखर बनवायला उसाच्या वजनाच्या ४५ टक्के वाफ लागते आहे असं समजू. रस आटवायला फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटर बसवला, रस तापवणाऱ्या ज्यूस हीटरला इव्हॅपोरेटरच्या मागच्या भांड्यातून निघणारी वाफ दिली, साखर शिजवायला सलग चालणारा कंटिन्युअस पॅन घेतला, तर ती ३८ टक्क्यांवर येऊ शकते. म्हणजे रोज ३५० टन वाफ, म्हणजेच १६० टनांच्या आसपास बगॅस वाचला. त्याची वीज केली तर ढोबळमानाने सत्तर हजार युनिट. पावणेपाच रुपयांनी दिवसाला सव्वातीन लाखांच्या वर जातात. चार लाख युनिट विकणाऱ्याला दीड रुपयाचं अनुदान दिवसाला सहा लाख देतं, ते मोठंच आहे, पण वर्षाने बंद होतं. वाचलेली वाफ प्रत्येक हंगामात वाचते.

आणि जाते कुठे ही वाफ? मिल अडकली की एक्झॉस्टचा काटा खाली येतो आणि साखर शिजवणाऱ्या पॅनवरून फोन येतो, "प्रेशर द्या!" मग पीआरडीएस, म्हणजे वाफेचा दाब उतरवणारा व्हॉल्व्ह, उघडायचा. टर्बाइनला वळसा घालून थेट बॉयलरची वाफ दाब उतरवून खाली सोडायची, तिच्यातून एक युनिटही निघत नाही. हा व्हॉल्व्ह किती तास उघडा होता याची नोंद शिफ्टच्या लॉगबुकात असते, वार्षिक अहवालात मी कधी पाहिली नाही. अनुदान देणाऱ्याने हा आकडा मागायला हवा. विकलेल्या युनिटवर दीड रुपया दिला तर वाफ वाचवणारा आणि उधळणारा दोघेही सारखेच लायक ठरतात, हे मला फार खटकतं.

शहाड_लाइन:
चांगली चर्चा. उसाबाहेरचं एक सांगतो. वीज कायदा २००३ चं कलम ८६(१)(ई) राज्य आयोगांना सहवीजनिर्मितीला उत्तेजन द्यायला सांगतं. ते फक्त अपारंपरिक इंधनापुरतं आहे की कोळशाच्या को-जनलाही, हा वाद शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्याने विजेच्या अपिलीय न्यायाधिकरणात नेला. २६ एप्रिल २०१० ला निकाल लागला: इंधन कुठलंही असो, सहवीज ही सहवीजच, आणि ती वापरणाऱ्यावर अपारंपरिक वीज विकत घेण्याची सक्ती करता येणार नाही. त्या निकालाचा देशभरच्या उद्योगांनी आधार घेतला.

बॉयलर_हाऊस:
बरोबर. पण उष्णता खरोखर वापरली जाते का, हे मोजल्याशिवाय अशी सवलत देऊ नये असं माझं मत. मोजता येतं. केंद्राच्या १९९६ च्या ठरावात व्याख्याच तशी होती: वीज अधिक उपयोगी उष्णतेचा अर्धा भाग, हे मिळून इंधनातल्या ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून जास्त भरलं पाहिजे.

शिरोळकर_ऊसवाला:
काका, फार मोलाचं सांगितलंत. दुसरा प्रश्न राहिला.

बॉयलर_हाऊस:
विसरलो नाही. साखर उद्योगासाठी केंद्राने नेमलेल्या रंगराजन समितीने २०१२ मध्ये सुचवलं आणि आपल्याकडे २०१३ च्या ऊसदर कायद्यात आलं: साखर आणि पहिल्या टप्प्यातली उपउत्पादनं, म्हणजे बगॅस, मळी, प्रेसमड, यांच्या उत्पन्नाचे ७० टक्के किंवा नुसत्या साखरेचे ७५ टक्के ऊस उत्पादकाला. हे एफआरपीपेक्षा, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान ऊसदरापेक्षा, जास्त निघालं तर वरचा फरक द्यायचा. इथे नीट बघा, धरला जातो बगॅस, वीज नव्हे. म्हणून तुमच्या बिलात वीज दिसत नाही. सगळा खेळ बगॅसला कोणता भाव लावला यावर आहे. काही ठिकाणी को-जन बूट तत्त्वावर (कंपनीने बांधायचा, काही वर्षं चालवायचा, मग कारखान्याला द्यायचा) वेगळ्या कंपनीकडे असतो, तिथे कारखाना तिला बगॅस कितीने देतो यावर तुमचे पैसे ठरतात.

सभेची नोटीस आली की मुदतीत लेखी प्रश्न द्या आणि पोच घ्या. को-जनला किती टन बगॅस गेला, टनाला काय भाव धरला, उसावर वाफेचा वापर किती टक्के, पीआरडीएस किती तास चालू होता. चीफ इंजिनिअरला हे चारही आकडे तोंडपाठ असतात, त्यामुळे "माहिती गोळा करून कळवू" असं उत्तर आलं तर तिथेच बसून राहा. आणि दरवाढीच्या मागणीला विरोध करू नका, तिला पाठिंबा द्या, फक्त त्याच ठरावात बगॅसच्या भावाचं वाक्य घालून घ्या.