शब्दचर्चा : ‘सुप्रजाजननशास्त्र’, ‘जनुकीय अभियांत्रिकी’ आणि ‘सुधारित’

प्रश्न : एका लेखाचे भाषांतर तपासताना ‘सुप्रजाजननशास्त्र’, ‘सुप्रजनन’ आणि ‘सुसंततिशास्त्र’ हे तीन शब्द एकाच अर्थाने आलेले दिसले. शेवटच्या परिच्छेदात तर जनुकीय अभियांत्रिकीलाच ‘आधुनिक सुप्रजनन’ म्हटले आहे. यांपैकी कोणता शब्द ग्राह्य धरावा, आणि हा शेवटचा वापर योग्य आहे का?

उत्तर : तिन्ही शब्द ‘युजेनिक्स’साठी, म्हणजे कोणी मुले जन्माला घालावीत आणि कोणी घालू नयेत हे ठरवून मानववंश ‘सुधारण्याच्या’ विचारासाठी आहेत आणि त्यांपैकी ‘सुप्रजाजननशास्त्र’ हा रुळलेला आहे. मूळ शब्द ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ साली घडवला. ‘चांगला’ या अर्थाचा ग्रीक उपसर्ग आणि जन्मवाचक धातू यांचा तो जोड आहे. तो धातू आणि आपला ‘जन्’ एकाच कुळातले असल्यामुळे मराठी प्रतिशब्द मुळाशी अगदी प्रामाणिक राहिला आहे. माझ्या मते अडचण नेमकी तिथेच आहे, कारण मुळातला दोषही त्याच्यासोबत जसाच्या तसा आला.

‘सुप्रजा’ हा शब्द आपल्या कानाला मंगल वाटतो. ‘कौसल्या सुप्रजा राम’ या रामायणातल्या संबोधनात तो ‘जिची संतती उत्तम आहे अशी’ या अर्थाने येतो, म्हणजे एका आईचे कौतुक म्हणून येतो. मूल जन्मल्यावर, वाढल्यावर, त्याचे गुण दिसल्यावर केलेले ते कौतुक आहे. गॉल्टन यांच्या शब्दातला ‘सु’ मात्र जन्माच्या आधी, दुसऱ्या कोणीतरी, मोजमाप करून ठरवायचा आहे. घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या जाती निवडीने घडवता येतात, तशीच गुणवान माणसेही घडवता येतील, हे त्यांनी १८६९ सालीच मांडले होते. शिवाय मराठीत ‘प्रजा’ म्हणजे संतती हा अर्थ मागे पडून राज्यकर्त्याच्या अंमलाखालची माणसे हा अर्थ पुढे आला आहे. सुप्रजाजननाचा इतिहास पाहिला, तर हे दोन्ही अर्थ त्यात एकमेकांत मिसळलेले दिसतात, कारण तिथे राज्यसंस्था लोकांच्या संततीकडे स्वतःची मालमत्ता म्हणून पाहते.

सक्तीच्या निर्बीजीकरणाचा पहिला कायदा अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने १९०७ साली केला. पुढे १९२७ साली व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि तिच्या निर्बीजीकरणाला ८ विरुद्ध १ अशा मतांनी मान्यता मिळाली. तिची आई, ती स्वतः आणि तिची तान्ही मुलगी अशा तीन पिढ्या मंदबुद्धीच्या आहेत, एवढ्या पुरेत, असे न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिले. त्या मुलीविषयीचा पुरावा काय होता, हे पाहण्यासारखे आहे. सात महिन्यांच्या बाळाकडे पाहून एका समाजसेविकेने साक्ष दिली की, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळे वाटते, पण नेमके काय ते सांगता येत नाही. हीच मुलगी पुढे शाळेत गेली, गुणवंतांच्या यादीत तिचे नाव आले आणि १९३२ साली, वयाच्या आठव्या वर्षी, ती आजाराने वारली. ‘नेमके काय ते सांगता येत नाही’ हे वाक्य ज्या विषयात पुरावा म्हणून चालले, त्याला ‘शास्त्र’ म्हणताना माझी लेखणी अडखळते.

जर्मनीने १९३३ साली असाच कायदा केला आणि त्याखाली सुमारे ४ लाख माणसांचे निर्बीजीकरण झाले. पण हा शब्द केवळ नाझींच्या नावावर टाकून मोकळे होता येणार नाही. स्वीडनमध्ये असा कायदा १९७६ पर्यंत होता आणि जपानमध्ये १९९६ पर्यंत. म्हणून मी ‘सुप्रजाजननवाद’ किंवा ‘सुप्रजाजनन चळवळ’ असे लिहावे, असे सुचवतो.

शंका : ‘शास्त्र’ म्हणजे प्रमाणित विज्ञान असे मराठीत कधीच नव्हते. पाकशास्त्र आहे, ज्योतिषशास्त्रही आहे. एखाद्या विषयाची पद्धतशीर मांडणी एवढाच तो अर्थ आहे. मग इथेच आक्षेप का?

उत्तर : आक्षेप रास्त आहे आणि जुन्या मजकुराचे अवतरण देताना ‘शास्त्र’ काढू नये, हे मला मान्य आहे. मात्र आजचा वाचक ‘शास्त्रज्ञ’, ‘शास्त्रीय’ हे शब्द विज्ञानाच्याच अर्थाने वाचतो. विज्ञानाने स्वतः हे नाव टाकले, हेही लक्षात घ्यावे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९२५ साली सुरू केलेल्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकाचे नाव १९५४ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ झाले. नाव बदलल्याने इतिहास धुऊन निघत नाही, पण त्या नावाखाली पुढे काम करायचे नाही, एवढे तरी त्यातून ठरले.

आता दुसरा मुद्दा. जनुकीय अभियांत्रिकी हे तंत्र आहे, तर सुप्रजाजनन हे उद्दिष्ट आहे. दात्रपेशी रक्तक्षय (सिकल सेल अ‍ॅनिमिया) हा आजार एका जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे होतो. त्यावरच्या ज्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली, त्यात रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून, त्यांच्या जनुकात बदल करून परत सोडतात. हा बदल त्या रुग्णापाशीच थांबतो. याला ‘आधुनिक सुप्रजनन’ म्हणणे चूक आहे, आणि वेदनेने पिचलेल्या रुग्णांवर तो अन्यायही आहे. याउलट ‘हे ज्यानकुई’ (‘हे’ हे आडनाव) या चिनी संशोधकाने भ्रूणांमध्ये केलेला आणि २०१८ साली उघड झालेला बदल, त्या भ्रूणांतून जन्मलेल्या मुलींच्या पुढच्या पिढ्यांत जाऊ शकतो. तिथे सरकारी सक्ती नव्हती, आईवडिलांची संमती घेतलेली होती, तरीही ज्यांच्या शरीरात कायमचा बदल झाला त्यांना विचारणे शक्यच नव्हते. अशा वापराला कोणी सुप्रजाजनन म्हणत असेल, तर ते नाव म्हणून न लिहिता युक्तिवाद करून सिद्ध करावे. उंची, बुद्धी, रूप यांसाठी भ्रूण ‘घडवण्याचे’ दावे केले जातात, तिथे ‘अभियांत्रिकी’ हा शब्दही दिशाभूल करतो. यंत्राचा भाग बदलावा तसा गुण बदलता येईल, असे त्यातून वाटते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एकट्या उंचीशी निगडित असे सुमारे १२,००० जनुकीय फरक सापडले. शिवाय गुण केवळ जन्माने ठरत नाहीत; ‘वाण नाही पण गुण लागला’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेला संगतीचे बळ केव्हापासून ठाऊक आहे.

याच कारणासाठी ‘जनुकीय सुधारित’ या शब्दप्रयोगाकडेही लक्ष द्यावे. मूळ इंग्रजी ‘मॉडिफाइड’ या शब्दाचा ‘बदललेले’ एवढाच अर्थ आहे. ‘सुधारित’ म्हटले की चर्चेआधीच निकाल लागतो. ‘सुधारित वाण’ हा शेतीतला परिचित शब्द असल्यामुळे बियाण्याच्या बाबतीत तो सहज रुळला, पण भ्रूणाविषयी लिहिताना ‘जनुक-परिवर्तित’ लिहावे आणि तंत्रासाठी ‘जनुकसंपादन’ वापरावे. तुमच्या लेखातील शेवटचे वाक्य मी असे करीन : ‘भ्रूणातील जनुकसंपादनामुळे सुप्रजाजननवादाचे जुने प्रश्न पुन्हा उभे राहिले आहेत.’

तपासताना आणखी एक पाहावे. ‘अनुवांशिक’ हे रूप अशुद्ध आहे. ‘अनुवंश’ला ‘इक’ प्रत्यय लागल्यावर आद्य स्वराची वृद्धी होते, म्हणून ‘आनुवंशिक’ लिहावे.