मदत हवी आहे: मेपल सिरप पुण्याला न्यायचंय, कोणतं घेऊ?

नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेत व्हरमाँट राज्यात राहतो. शेजारच्या गावात एका कुटुंबाची तिसरी पिढी मेपल सिरप करते. आजोबा अजून भट्टीपाशी उभे असतात. पळीवरून पाक थेंबाथेंबाने न गळता पडद्यासारखा उतरला की झालं म्हणतात. मेपलच्या झाडाचा साधारण 40 लिटर रस आटवून 1 लिटर सिरप, वरून साखर अजिबात नाही. मे महिन्यात आईबाबांसाठी न्यायचंय. सिरपच्या प्रकारांत गोल्डन (फिकट रंगाचं) चवीला फार सौम्य. घावनांबरोबर डार्कच (गडद, जास्त चवीचं) खुलेल असं मला वाटतं. तुमचा अनुभव काय? चेक-इन बॅगेत पत्र्याचा डबा बरा की प्लॅस्टिकचा जग? आणि उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवलं तरी पावसाळ्यात बुरशी धरते का? कोणी नेलं असेल तर प्लीज सांगा.