डिव्हायझेसचा कालवा गावाने टिकवला तो कसा?

मासुंदाकाठ (नौपाडा, ठाणे):
नमस्कार. माझी मुलगी इंग्लंडमध्ये विल्टशरमधल्या डिव्हायझेस या छोट्या बाजारगावी राहते आणि जूनमध्ये मी महिनाभर तिच्याकडे जाणार आहे. तिथला केनेट अँड एव्हन कालवा कित्येक वर्षे बंद पडला होता आणि लोकांनी चिकाटीने तो पुन्हा चालता केला, एवढे तिने सांगितले. आमच्या घरामागच्या तळ्याच्या सफाईसाठी आम्ही शेजारी दर रविवारी जमतो. सुरुवातीला तीस जण होतो, आता सहाच उरलो आहोत. म्हणून विचारावेसे वाटते, की तिथल्या लोकांचा उत्साह इतकी वर्षे टिकला कसा?

ऐरोलीकर:
ताई, नोकरीनिमित्त मी त्या भागात दोन वर्षे राहिलो आहे. हा 87 मैलांचा जलमार्ग 1810 मध्ये पूर्ण झाला. 1852 मध्ये, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी येण्याच्या आदल्याच वर्षी, तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ताब्यात गेला. ज्या रेल्वेने कालव्याचा माल पळवला तिच्याच हाती त्याची देखभाल आली, त्यामुळे पुढे काय झाले असेल ते आपण समजू शकता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाणी अडवणारी लाकडी दारे कुजली, पाणी आटले आणि कालवा कायमचा बंद करण्याचा घाट घातला गेला. त्या वेळी लोकांनी राणीच्या नावे विनंतीअर्ज लिहिला आणि 1956 मध्ये तो जलमार्गानेच लंडनला पोहोचवला. राणीच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला तो 8 ऑगस्ट 1990 रोजी. मधली चौतीस वर्षे लोक वर्गणी गोळा करत होते आणि सुट्टीच्या दिवशी फावडे घेऊन चिखलात उतरत होते.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते, की सगळा कालवा दुरुस्त होईपर्यंत कोणी थांबले नाही. जेवढा तुकडा तयार होई, तेवढ्यावर बोटी सुरू होत, आणि आपण उपसलेल्या गाळाच्या जागी बोट चाललेली पाहिलेला माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा येई.

डिव्हायझेसलाच असलेली कालव्याची केन हिलची चढण मात्र चुकवू नका. दोन मैलांत 29 लॉक आहेत, म्हणजे बोट पायरी-पायरीने चढवणाऱ्या पाण्याच्या खोल्याच, आणि त्यांतले 16 एका सरळ रांगेत आहेत. दाराच्या लांब लाकडी दांडीला पाठ टेकून, विटांच्या उंचवट्यांवर पाय रोवून जोर लावायचा असतो. दोन्ही बाजूंचे पाणी समान पातळीवर येईपर्यंत ते दार तसूभरही हलत नाही. पातळी जुळली की तेच अवजड दार एकटी बाई सहज उघडते. मदतीला बहुधा स्वयंसेवक असतात, त्यांच्यात निवृत्त मंडळी पुष्कळ. आपणही दाराला हात लावून पाहा.

खाडीवाला (दिवाळे, बेलापूर):
वरचे वाचून आमची जेटी आठवली. ज्या वाटेने रोज होडी जाते तिथला गाळ कुठे किती साचला आहे, हे नाखवाला ओहोटीच्या वेळी बरोबर ठाऊक असते; होड्या बंद झाल्या की ते सांगणारेच उरत नाही. म्हणून ताई, केवळ सफाईसाठी माणसे बोलावू नका. तळ्याचा घाट मोकळा झाला असेल, तर तिथे मुलांना पोहायला शिकवता येईल का, सकाळी ज्येष्ठांना बसता येईल का, हे पाहा. आमच्याकडे नारळी पौर्णिमेच्या आधी जेटी झाडायला कोणाला सांगावे लागत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तिथेच नारळ सोडायचा असतो.

मासुंदाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. घाटाच्या चार पायऱ्या आत्ताच मोकळ्या आहेत. पाणी पोहण्याजोगे नाही, पण बसायला त्या पुरेशा आहेत. या रविवारी सफाईनंतर चहा तिथेच ठेवते आणि शेजारच्या दोन आजींना आणायला स्वतः जाते.