चितळाच्या खऱ्या पोटात हार्मोनच्या पेशी फिक्या का दिसतात?

स्लाइडपेटी: मृत चितळाचे नमुने आहेत (परवानगी घेतलेली, शवविच्छेदन मृत्यूनंतर सुमारे 6 तासांनी). चारही पोटं आणि ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) 10% फॉर्मॅलिनमध्ये. ग्रिमेलियस (हार्मोनच्या पेशी चांदीने रंगवणारा स्टेन) केल्यावर कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोटात शून्य. खऱ्या (चौथ्या) पोटात तुरळक, फिक्या पेशी. गॅस्ट्रिन या पोटाच्या हार्मोनच्या अँटीबॉडीने मात्र ड्युओडेनममध्ये भरपूर तपकिरी पेशी. स्टेन पुन्हा करावा का?

मायक्रोटोम: पहिल्या तिन्ही पोटांत शून्यच येणार. तिथलं अस्तर कातडीसारखं, केराटिनचे थर असलेलं. ग्रंथीच नाहीत, तर या पेशी बसणार कुठे?

खरं दुखणं त्या 6 तासांचं आहे. रवंथ करणाऱ्याचं पोट मेल्यावरही आंबत राहतं, आत ऊब टिकते आणि म्युकोसा (आतलं अस्तर) सगळ्यात आधी सडतो. 10× खाली बघा: ग्रंथींची वरची टोकं झडून पुसट झाली असतील तर कितीही चांदी ओता, व्यर्थ.

पुढच्या वेळी 5 मिमीहून जाड तुकडा नको. सलाईनने नुसता विसळा, घासू नका. मग बुआँमध्ये (ऊती टिकवणारं द्रावण) 24 तास: संपृक्त पिक्रिक 75 मिली, फॉर्मॅलिन 25, ग्लेशियल ॲसेटिक 5; द्रावण तुकड्याच्या 15–20 पट. पिवळेपणा 70% अल्कोहोलने काढा. बुआँत जास्त दिवस राहिला तर तुकडा ठिसूळ होतो. आणि पिक्रिक बाटलीत सुकू देऊ नका, स्फोटक असतं ते!

तपकिरी_ठिपका: ड्युओडेनममधल्या तपकिरीवर इतक्यात विसंबू नका. गॅस्ट्रिन आणि सीसीके (आतड्यातलं दुसरं हार्मोन) यांची शेवटची 5 अमिनो आम्लं सारखीच. अँटीबॉडी त्या टोकाविरुद्धची असेल तर सीसीकेच्या पेशीही रंगतात. डेटाशीटमध्ये क्रॉस-रिॲक्शन तपासा.

शिवाय लॅमिना प्रोप्रियातल्या (ग्रंथींभोवतीचा सैल थर) इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचं स्वतःचं पेरॉक्सिडेज असतं, म्हणजे तपकिरी रंग उमटवणारं एन्झाइम. ग्रंथीबाहेरचे सुटे ठिपके बहुधा तेच. ते दाबायला 3% हायड्रोजन पेरॉक्साइड 10 मिनिटं, आणि एक स्लाइड प्राथमिक अँटीबॉडीशिवाय.

खाटकाकडून बोकडाच्या पायलोरसचा (खऱ्या पोटाचं आतड्याकडचं टोक) ताजा तुकडा आणून त्याच बॅचमध्ये चालवा. त्यात पेशी ठसठशीत आल्या आणि चितळात नाहीत, तर दोष नमुन्याचा. दोन्हींत नाहीत, तर अँटीबॉडी किंवा रिट्रीव्हल (फॉर्मॅलिनने झाकलेलं अँटिजेन उघडं करण्याची पायरी) बघा.

स्लाइडपेटी: खऱ्या पोटाचा तुकडा फंडसचा (मुख्य भागाचा) होता, पायलोरसचा नाही.

तपकिरी_ठिपका: मग तिथे गॅस्ट्रिन शोधूच नका! त्या पेशी मुख्यतः पायलोरसच्या ग्रंथींत. फंडसच्या ब्लॉकवर सोमॅटोस्टॅटिन या दुसऱ्या हार्मोनची अँटीबॉडी लावून बघा.