ब्राउझरमध्ये क्रिप्टो वॉलेट उघडायचंय, घरात लॅपटॉप एकच आहे

मृण्मयी_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. पगारातून थोडे थोडे बाजूला काढून मी एका भारतीय एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटवर, इथर हे नाणं घेत आलेय. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजमधून साधारण २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, तेव्हापासून डोक्यात आहे की नाणी आपल्याच ताब्यात हवीत. ब्राउझरमधलं मेटामास्क हे वॉलेट घ्यायचं ठरवलंय.

अडचण अशी की घरात लॅपटॉप एकच. त्यावर बाबा वीजबिल भरतात, बँकेचं बघतात आणि धाकटा भाऊ कुठून कुठून गेम उतरवून खेळतो. ऑफिसातला एकजण म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे. वॉलेट बनवताना बारा शब्द दाखवतात, ते दिसले की स्क्रीनशॉट काढ आणि स्वतःलाच मेल करून ठेव." मला ते पटलं नाही, पण का ते सांगता येईना. पासवर्ड असताना हे शब्द कशाला? ठेवायचे कुठे? आणि याच लॅपटॉपवर वॉलेट उघडावं का? स्वतः वापरणाऱ्या कुणी नीट सांगितलं तर फार बरं होईल.

तापकीर_गल्ली

ताई, थांबलात ते उत्तम केलंत. आमचं बुधवार पेठेत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांनी रेडिओ आणि टेपरेकॉर्डरपासून सुरू केलेलं. चार्जिंगचा जॅक बदलायला लॅपटॉप येतो, चालू करून बघावं तर डेस्कटॉपवरच 'वॉलेट' नावाची फाइल आणि तिच्यात ते बारा शब्द. माणसानं काउंटरवर पावती घेतलेली असते, आणि त्याची सगळी बचत माझ्यासमोर उघडी असते. मी ग्राहकाला बोलावून घेतो, नवं वॉलेट उघडून नाणी हलवायला सांगतो. दुसऱ्या दुकानात काय होईल ते कोण सांगणार? म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्द आणि पासवर्ड यांतला फरक. तुमची नाणी लॅपटॉपमध्ये नसतात, ब्लॉकचेनवर असतात, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या एका सामायिक हिशेबवहीत. ती हलवायची किल्ली या बारा शब्दांतून तयार होते. २०४८ इंग्रजी शब्दांची ठरलेली यादी आहे, बिप-३९ म्हणतात त्या पद्धतीला, २०१३ सालची. त्यातले बारा शब्द यंत्र स्वतः निवडतं. हे शब्द ज्याच्या हाती लागले तो जगात कुठेही, कुठल्याही संगणकावर तुमचं वॉलेट उघडू शकतो आणि त्याला तुमच्या पासवर्डची गरज पडत नाही. पासवर्डचं काम फक्त या एका ब्राउझरपुरतं: तिथं साठवलेली कुलूपबंद प्रत उघडायची. पासवर्ड विसरलात तर शब्दांवरून वॉलेट परत आणता येतं. शब्द फुटले तर मात्र पासवर्ड बदलून काहीही होत नाही, नवं वॉलेट उघडून नाणी तिकडे न्यावीच लागतात.

पण म्हणून पासवर्ड हलका ठेवू नका. ती कुलूपबंद प्रत ब्राउझरच्या फोल्डरमध्ये असते. डिस्कची नक्कल केली की तीही सोबत जाते. मग चोर आपल्या घरी बसून लाखो पासवर्ड लावून बघू शकतो, तीन वेळा चुकला म्हणून त्याला कुणी अडवत नाही. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेच्या ग्राहकांच्या अशाच एन्क्रिप्ट केलेल्या प्रती चोरीला गेल्या होत्या. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडून लांबलचक पासवर्ड करा, रोमन लिपीतली मराठी चालेल, फक्त दुसरीकडे कुठेही वापरलेला नको.

आता लॅपटॉप. भावाच्या गेमबरोबर वॉलेट नको, हे मी ठामपणे सांगतो. क्रॅक केलेल्या गेममधून येणारे चोर प्रोग्राम ब्राउझरचं फोल्डर उचलून पाठवतात, त्यांचं कामच ते. वेगळं ब्राउझर प्रोफाइल केलंत तर इतर एक्स्टेंशनपासून (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, मेटामास्कही त्यातलंच) बचाव होतो, पण विंडोजमध्येच शिरलेल्या प्रोग्रामपासून नाही. घरात जुना, हळू चालणारा लॅपटॉप पडला असेल तर तो पूर्ण फॉरमॅट करा, सिस्टिम नवी टाका, एक ब्राउझर आणि एक एक्स्टेंशन, बाकी काही नको. नसेलच तर आहे तोच लॅपटॉप फॉरमॅट करून भावाला विंडोजचं साधं खातं द्या, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, आणि गेम कुठून उतरवायचे यावर त्याच्याशी एकदा बसून बोला.

मेटामास्क गुगलवर शोधू नका. वर जाहिरातीत हुबेहूब दिसणारी बनावट साइट येऊ शकते. मेटामास्क डॉट आयओ हा पत्ता हातानं टाइप करा आणि तिथल्या दुव्यावरूनच क्रोमच्या स्टोअरवर जा. उघडताना गुगल किंवा ॲपलच्या खात्यानं वॉलेट बनवायचा पर्यायही दिसेल, तुम्ही बारा शब्दांचाच घ्या. शब्द दिसायच्या आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मग कागदावर पेनानं, क्रमांक घालून, दोन प्रती.

फोटो का नको ते सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी स्पार्ककॅट नावाचा प्रकार उघडकीला आणला. गॅलरीतल्या फोटोंवरचा मजकूर वाचून नेमके हेच शब्द हुडकणारा प्रोग्राम, तोही प्ले स्टोअर आणि ॲपलच्या ॲप स्टोअरवरच्या ॲपमध्ये लपलेला. तुमचे सहकारी म्हणतात तो स्क्रीनशॉट फोनमध्ये, मेलमध्ये, फोटोंच्या बॅकअपमध्ये असा चार ठिकाणी जाऊन बसतो.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात, तुम्ही गाळू नका. एक्स्चेंजवरून अगदी थोडं इथर पाठवा. नेटवर्क इथेरियमच निवडलंय ना, ते दोनदा बघा. नाणी पोहोचली की तुमच्या वॉलेटचा पत्ता लिहून ठेवा आणि एक्स्टेंशन काढून टाका. पुन्हा बसवा आणि कागदावरचे शब्द घालून वॉलेट परत आणा. तोच पत्ता आणि तीच शिल्लक दिसली म्हणजे तुमचा कागद खरा. एखादा शब्द चुकीचा उतरवला गेला असेल तर तो याच वेळी कळायला हवा, सगळी रक्कम आत गेल्यावर नाही. क्रोममध्ये तुम्ही सिंक चालू ठेवलंत तरी वॉलेटमधला माल दुसऱ्या संगणकावर जात नाही, त्या भरवशावर राहू नका.

आणि कागदाचं पुण्यात काय होतं ते आपण पाहिलंय. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढा घरात शिरला, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी आलं. त्यानंतर दुकानात आलेले लॅपटॉप काही वाचवता आले, पण बॅगेत सोबत असलेले कागद म्हणजे लगदा. रविवार पेठेत बोहरी आळीत जा, स्टीलची छोटी पट्टी आणि अक्षरं ठोकायचे पंच मिळतात. त्या यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं इतरांपेक्षा वेगळी असतात, त्यामुळे चारच ठोकली तरी पुरतं. ठोका मात्र स्वतः. ट्रॉफीवर नावं कोरणाऱ्याकडे देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो.

रात्रपाळी_हिंजवडी

दादांनी सगळं नीट सांगितलंय. माझी भर एवढीच की रक्कम वाढली की हार्डवेअर वॉलेट घ्या. लेजर किंवा ट्रेझर मेटामास्कला जोडता येतं. किल्ली त्या छोट्या यंत्रातच राहते, लॅपटॉपला व्हायरस लागला तरी ती बाहेर येत नाही. थेट कंपनीकडूनच मागवा. वापरलेलं, किंवा आत शब्द छापून आलेलं कधीच घेऊ नका. असलं यंत्र असेल तर मग भावाच्या गेमचीही एवढी काळजी नको.

तापकीर_गल्ली

हार्डवेअर वॉलेट घ्या, याला माझा पूर्ण पाठिंबा. शेवटच्या वाक्याला नाही. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या एक्स्चेंजमधून जवळपास दीडशे कोटी डॉलर गेले. व्यवहाराला मंजुरीची सही करणाऱ्या तिथल्या लोकांना ब्राउझरमध्ये नेहमीचाच व्यवहार दिसत होता, प्रत्यक्षात सही भलत्याच गोष्टीवर झाली, कारण ज्या पानावर ते बघत होते त्याचाच कोड बदलला होता. यंत्र किल्ली सांभाळतं. तुम्ही कशाला होकार देताय ते यंत्राला कळत नाही.

आपल्यासारख्यांच्या बाबतीत हेच 'अप्रूव्ह' बटणातून होतं. एखादी साइट म्हणते वॉलेट जोडा, फुकट टोकन मिळेल. जोडल्यानं फक्त वॉलेटचा पत्ता दिसतो. पण पुढच्या खिडकीत ती तुमचं एखादं टोकन हवं तेवढं खर्च करायची परवानगी मागते, आणि ती परवानगी तुम्ही काढून घेईपर्यंत तशीच राहते. काही ठिकाणी तर नुसती सही मागतात, गॅस फी (व्यवहारासाठी नेटवर्कला द्यायचं शुल्क) शून्य. पैसे लागत नाहीत म्हणून लोक बिनधास्त सही करतात, पण तशा सहीतूनही खर्चाची परवानगी जाऊ शकते. म्हणून दोन वॉलेट ठेवा, वेगवेगळ्या बारा शब्दांची. बचतीचं एक, जे कुठल्याही साइटला जोडायचंच नाही. दुसऱ्यात किरकोळ रक्कम, काय करून बघायचं ते त्यात. दिलेल्या परवानग्या इथरस्कॅन किंवा रिव्होक डॉट कॅश या साइटवर बघता येतात, काढता येतात, थोडी गॅस फी पडते.

पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून कॉपी करू नका. तुमच्या पत्त्यासारखीच सुरुवात आणि शेवट असलेला पत्ता बनवून, त्यावरून शून्य रकमेचे व्यवहार पाठवून चोर मुद्दाम त्या यादीत येऊन बसतात. मधली अक्षरंही जुळवा.

सीए_सदाशिव_पेठ

मृण्मयी, कराचं थोडक्यात. एक्स्चेंजवरून स्वतःच्याच वॉलेटमध्ये नाणी हलवणं म्हणजे विक्री नव्हे, त्यावर कर लागत नाही. पुढे विकशील तेव्हा नफ्यावर ३० टक्के, वर सेस. १ एप्रिल २०२२ पासून हा नियम आहे. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाही. म्हणून खातं रिकामं करण्याआधी एक्स्चेंजवरून खरेदीचे सगळे तपशील उतरवून घे. वॉलेटमध्ये फक्त किती आली ते दिसतं, तू कितीला घेतलीस ते दिसत नाही. माझ्याकडे येणारे बरेचजण नेमके तिथंच अडतात.

मृण्मयी_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. माळ्यावर कॉलेजातला जुना लॅपटॉप आहे, तोच घेते. दादा, दोन गोष्टी राहिल्या. सहा शब्द माझ्याकडे आणि सहा साताऱ्याला आत्याकडे ठेवले तर? आणि मला काही झालं तर बाबांना हे कसं मिळणार? त्यांना यातलं काहीच कळत नाही.

तापकीर_गल्ली

सहा-सहा करू नका. मग दोन्हीपैकी कुठलाही एक कागद हरवला तरी सगळं गेलं. शिवाय अर्धे शब्द ज्याला मिळाले त्याचं कामही बरंच हलकं होतं. पूर्ण पट्टी एक तुमच्याकडे, एक पाकिटात शिवून किंवा लाखेनं बंद करून आत्याकडे. साताऱ्याला असली तर पुण्यातल्या पुराची, आगीचीही चिंता मिटते. वर्षातून एकदा गेलात की पाकीट फुटलेलं नाही ना ते बघून या. फुटलेलं दिसलं तर आत्याशी वाद न घालता नवं वॉलेट उघडा आणि नाणी हलवा.

बाबांसाठी वेगळा कागद करा, त्यावर शब्द नकोत. मराठीत लिहा: माझ्याकडे अशी बचत आहे, पट्टी अमक्या ठिकाणी आहे, ती कुणालाही फोनवर वाचून दाखवू नका, मदतीला अमक्यालाच बोलवा. आणि हे ठळक लिहा, की कंपनीचा माणूस, पोलीस, बँकवाला म्हणून कुणीही हे शब्द मागितले तर तो चोर. तसा फोन आला, किंवा काही गेलंच, तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार. ब्लॉकचेनवरचा व्यवहार उलटा फिरवता येत नाही, पण नाणी एखाद्या एक्स्चेंजवर पोहोचली असतील तर ती गोठवायला वेळेवर केलेल्या तक्रारीचाच उपयोग होतो.

माळ्यावरचा लॅपटॉप आधी दुरुस्तीला द्यावा लागला तर वॉलेट बसवायच्या आधी द्या. नंतर कधी द्यायची वेळ आली, तर पट्टीवरचे शब्द एकदा वाचून खात्री करा, ब्राउझरमधून एक्स्टेंशन काढा, डिस्क फॉरमॅट करा आणि मगच दुकानात न्या. डिस्कच बिघडली असेल तर जुनी डिस्क परत मागून घ्या. आम्ही देतो, कुठल्याही दुकानानं द्यायलाच हवी.