कॉलेज प्रवेशाच्या तयारीत मुलांना मदत करणारं काम: सुरुवात कुठून करू?

अबोली_भांडुप: नमस्कार मंडळी. मी बी.कॉम., सहा वर्षं बँकेत आहे. ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही अशा मुलांना दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशासाठी तयार करणाऱ्या संस्थेत पूर्णवेळ काम करायचंय. शिकवण्याचा अनुभव नाही. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करावीच लागेल का?

घाटकोपरचा_दादा: नोकरी लगेच सोडू नका. आधी एकदा मे ते ऑगस्ट, प्रवेशाच्या हंगामात, शनिवार-रविवार जाऊन बघा, खरं काम तेव्हाच दिसतं. मी नऊ वर्षं गोवंडी-मानखुर्दमध्ये हेच करतोय. गणित शिकवायला माणसं मिळतात हो, कागदपत्रांच्या मागे लागणारं कुणी मिळत नाही.

आमच्या एका मुलीला सीईटीत छान पर्सेंटाइल होते. पण वडिलांचं नाव आधारवर एक, तिच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरं. उत्पन्नाचा दाखला अडला, म्हणून नॉन-क्रिमीलेअर (आरक्षणाच्या लाभासाठी लागणारं प्रमाणपत्र) अडलं. वडील नाक्यावर उभे राहणारे, तहसीलच्या प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडायची. दोन खेपांनंतर ते म्हणाले, "राहू दे, पोरीचं नशीब." तिसऱ्यांदा मी सोबत गेलो, प्लास्टिकच्या पिशवीतले सगळे कागद खिडकीवर क्रमाने लावून दिले, आणि अर्ज घेतला गेला. ती आज इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

म्हणून सांगतो, जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच टाकून घ्यायचा, निकालाची वाट बघायची नाही. आणि फीचा आकडा ऐकूनच पालक मुलीचं बी.फार्म. रद्द करतात. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), ईडब्ल्यूएस (खुल्या प्रवर्गातले आर्थिक दुर्बल) घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जागा मिळाली, तर २०२४-२५पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे घरी जाऊन, आईला समोर बसवून सांगावं लागतं. व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही.

चाफा: एमएसडब्ल्यू सगळीकडे लागत नाही. समुपदेशकाच्या जागेला बहुतेक मागतात. मी देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून समाजकार्यात एम.ए. केलं, उपयोग झाला, पण माझ्या टीममधले सगळ्यात चांगले दोघे साधे पदवीधर आहेत. मुलाखतीत दोन गोष्टी नक्की विचारा. प्रकल्पाचा निधी किती वर्षांचा आहे? कारण बऱ्याच ठिकाणी करार वर्षावर्षाचा असतो, पगारही बँकेपेक्षा कमीच धरून चला. दुसरं, प्रवेश झाल्यावर मुलांशी संपर्क ठेवता का? मराठी माध्यमातलं मूल पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी लेक्चरमध्ये गप्प बसतं, दोन केटी लागल्या (दोन विषय राहिले) की यायचंच बंद होतं. तिथे फोन करणारं कुणी नसेल, तर आधीची मेहनत वाया जाते.

अबोली_भांडुप: दादा, चाफा, मनापासून आभार. कागदांचं काम मला जमेल, बँकेत केवायसीच करते. विक्रोळीच्या एका अभ्यासिकेत या रविवारी विचारून येते. मुलांचं आधारशी जोडलेलं बचत खातं नसेल तर महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) शिष्यवृत्ती जमा होत नाही ना? ते तरी उद्यापासून करून देऊ शकते.

घाटकोपरचा_दादा: बरोबर, नाही होत. आमच्याकडेच सतरा मुलं तशी आहेत. रविवारी विक्रोळीहून पुढे गोवंडीला या.