श्रीलिपीतल्या नोट्स एनव्हीडीए वाचेल का? आणि लेखनिकाचा नियम काय?

इतिहासवाली_सोलापूर
बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. दिसत नाही, लॅपटॉपवर एनव्हीडीए (पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून अभ्यास करते. सरांनी वसईच्या तहाच्या नोट्स ग्रुपवर टाकल्या. उघडल्या तर ते "डॉलर, कंस सुरू, वाय" असलं कायबाय बडबडत सुटलं. बाकीच्यांना त्याच पानावर छान मराठी दिसतंय म्हणे. कॉलेजात रॅम्प आहे, त्याचं कौतुकही फार. मला रॅम्प काय करायचाय?

दुसरं, मागच्या सेमिस्टरला मिळालेली लेखनिक कन्नड माध्यमाची. पोरगी मनापासून आली होती, पण "तैनाती फौज" म्हटलं की पेन थांबायचं. अक्षर न् अक्षर सांगत बसले, शेवटचा प्रश्न राहिला. तीन तासांच्या पेपरला जादा अर्धा तास दिला, वर "खूप झालं की" हेही ऐकवलं.

नवी_पेठ_डीटीपी
ताई, दोष एनव्हीडीएचा नाही. श्रीलिपी म्हणजे मराठी टायपिंगचे जुने फॉन्ट; त्यांत आतून इंग्रजी अक्षरांचेच नंबर असतात, वर मराठी चित्र चढवलेलं. पीडीएफ नको, मूळ वर्ड फाइल मागा; कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे एनव्हीडीएला कळणारी खरी मराठी, होते. रफार, जोडाक्षरं सटकतात, ती कुणीतरी डोळ्याखालून घालायला हवीत. फाइल नसेलच तर पानांचे फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडा. ते चित्र बघून वाचतं, फॉन्टशी त्याला देणंघेणं नाही.

होटगी_रोडकर
तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तुला पूर्ण एक तास. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची २९ ऑगस्ट २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं होती, २०२५ मध्ये ती बदलली; नवीही काढ. २०१८ च्या तत्त्वांत लेखनिक स्वतःचा आणता यायचा, शिक्षण आपल्यापेक्षा एक पायरी कमी लागायचं; आता काय ते नव्यात बघ. परीक्षा घेणाऱ्यांनी दिला तर दोन दिवस आधी भेटायची मुभाही त्यात होती, ती मागून बघ. तेव्हाच चार ओळी मराठीत लिहून घे. आणि अर्ज लेखी दे, पोचेवर आवक क्रमांक घे. तोंडी बोललेलं तिथं कुणाला आठवत नसतं.

रॅम्पचं म्हणशील तर मी व्हीलचेअरवाला. रॅम्प तळमजल्याला, माझा परीक्षेचा नंबर दुसऱ्या मजल्यावर. पोरांनी खुर्चीसकट उचलून नेलं. कौतुक कुणाला सांगू?

इतिहासवाली_सोलापूर
दादा, म्हणजे तो रॅम्प तुमच्याही कामाचा नाही! सरांना फोन केला. वर्ड फाइल आहे, संध्याकाळी पाठवतात. रफार तपासायला कुणी मोकळं आहे का? चाळीसेक पानं असतील.

नवी_पेठ_डीटीपी
पाठवा. लग्नपत्रिकांची घाई आहे, रविवारी बसतो.